शनिवारची कुरकुर

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत एका बियाणे कंपनीचं ऑफिस होतं. नव्वदच्या दशकात, कॉम्प्युटर म्हटलं की लोक दाराशी चपला काढून आत यायचे त्या काळात, मी तिथे नोकरीला लागले. पिंप्राळ्याहून लूनावर जायचे. कॉम्प्युटर सांभाळायचे, बिघडले तर दुरुस्तीवाल्याला बोलवायचं आणि आतली माहिती सुरक्षित ठेवायची, असं माझं काम. त्या कामाला तेव्हा नीटसं नावही नव्हतं. शिपाईमामा मला ‘कॉम्प्युटरवाल्या ताई’ म्हणायचे, आणि हळूहळू सगळेच तसं म्हणू लागले.

कुठल्या गोदामात कोणतं बियाणं किती आहे, कोणत्या लॉटची उगवण तपासून झाली, कोणत्या गावच्या दुकानदाराला काय पाठवायचं, हे सगळं आमच्या कॉम्प्युटरवर असे. आणि एका उन्हाळ्यात फ्लॉपीवरून व्हायरस आला आणि त्यातलं बरंचसं पुसून गेलं. उगवण तपासणीचे निकाल पुन्हा कागदावरून शोधून भरताना प्रयोगशाळेतल्या लोकांचे डोळे लाल झाले होते. मी नुकतीच लागले होते, पण तो आठवडा मला अजून आठवतो.

त्यानंतर मुख्य कचेरीतून नियमांची परिपत्रकं येऊ लागली. सगळी इंग्रजीत. पासवर्ड दर सोमवारी बदला. मशीन चालू करताना एक पासवर्ड, नेटवर्कला दुसरा, बियाण्याच्या प्रोग्रॅमला तिसरा. थोडा वेळ हात लावला नाही तर स्क्रीन आपोआप बंद. प्रत्येक फ्लॉपी तपासा. चूक झाली तर त्या माणसाला मेमो द्या. दर महिन्याला आधीच्या नियमांवर नवे नियम चढायचे. जुना कुठलाही कमी होत नसे.

डिस्पॅचच्या खिडकीवर बसायचे ते नाना. एरंडोलकडच्या खेड्यातले, निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेले, कामाला चोख आणि आपल्या अहिराणीत मोकळेपणाने बोलणारे. एका सोमवारी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

“ताई, घरना दारनं कुलूप मी लगीन व्हयनं तैपाईन बदलं नही. आनि हाई कुलूप दर सोमवारले बदलू?”

लग्नापासून न बदललेल्या त्या कुलपाला सगळे हसले. मीही हसले. पण नाना हसत नव्हते.

त्या दिवशी मी माझं काम बाजूला ठेवलं आणि खुर्ची घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसले. एप्रिल नुकताच लागला होता, कपाशीच्या बियाण्याची घाई सुरू झाली होती. खिडकीबाहेर दुकानदारांची गर्दी, पलीकडे ट्रक उभे, ड्रायव्हर हाका मारतायत. नाना एकाशी बोलून कागद पाहतात तोवर स्क्रीन बंद. पासवर्ड टाकला, घाईत एक अक्षर चुकलं, पुन्हा टाकला, पुन्हा चुकला, मशीन अडकलं. मग माझी सही घेऊन ते उघडायचं. त्यातच मधूनमधून मशीन पिप् करून इंग्रजीत काहीतरी विचारायचं. नाना न बघता ‘वाय’चं बटण दाबायचे.

“नाना, आत्ता काय विचारलं त्यानं?”

“कोन जाने! ते जे इचारस, त्याले मी व्हय म्हनस.”

तिथेच मला खरा धोका दिसला. कारण त्या पिप्-पिप्मध्ये एखादी सूचना खरोखरच्या व्हायरसची असली असती, तरी नानांनी तिलाही ‘व्हय’च म्हटलं असतं. आणि त्यात त्यांचा काय दोष? दिवसभर कुणी उगाचच दार वाजवलं तर खऱ्या पाहुण्यालाही माणूस उठून दार उघडत नाही.

मग मी दुसऱ्या टेबलांवरही असंच जाऊन बसू लागले. जुन्या टायपिस्ट अक्का आता कॉम्प्युटरवर बसत. त्यांनी मला दार लावून घ्यायला सांगितलं आणि म्हणाल्या, “ताई, खरं सांगू? गेल्या महिन्यात माझ्या मशीनवर काहीतरी विचित्र अक्षरं पडत होती. मी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं आणि गप्प बसले. मेमो कोण घेईल या वयात?”

मी ते मशीन तपासलं. सुदैवाने काही नव्हतं. पण अक्कांसारख्या नीटनेटक्या बाईने गप्प राहावं, म्हणजे इतरांचं काय असेल ते मला कळून चुकलं. माणसं बेफिकीर नव्हती. कंटाळली होती, दमली होती, आणि भ्यायली होती. नियम जितके वाढत होते, तितकं ऑफिस कच्चं होत होतं.

मी व्यवस्थापक साहेबांकडे गेले. साहेब शिस्तीचे, पण ऐकून घेणारे.

“नियम कमी करायचे म्हणतेस? व्हायरस येऊन वर्ष नाही झालं!”

“साहेब, नियम पाळले जातात ते परिपत्रकाच्या उत्तरात, कागदावर. टेबलांवर नाही. तुम्ही एक दिवस डिस्पॅचला बसून बघा.”

साहेब खरंच येऊन बसले. दिवसभर नाही, पण जेवणाच्या सुट्टीपर्यंत. जाताना एवढंच म्हणाले, “हंगाम संपेपर्यंत तुझ्या पद्धतीने कर. मुख्य कचेरीला मी सांभाळतो. पण काही झालं तर तू आणि मी, दोघेही घरी.”

तीन पासवर्डचा मी एक केला. तो हंगाम बदलला की बदलायचा, सोमवार बदलला की नाही. स्क्रीन बंद होण्याची वेळ प्रत्येकाच्या कामाप्रमाणे ठेवली. बाहेरून आलेली फ्लॉपी तपासायला दाराशी एक जुनं मशीन मांडलं. ते नेटवर्कला जोडलेलं नव्हतं, त्यामुळे काही झालं तर तिथंच राहील. फ्लॉपी दाराशी तपासायची राहून गेली तरी आतल्या मशीनवर ती एकाच आज्ञेने उघडेल आणि आधी तपासली जाईल, असा छोटासा प्रोग्रॅम लिहिला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उगाचच्या सूचना बंद केल्या. खरा धोका असेल तेव्हाच स्क्रीनवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत, दोनच ओळी येतील अशी सोय केली: ‘थांबा. ताईंना बोलवा.’

पासवर्ड कसा लक्षात ठेवायचा ही युक्ती मात्र अक्कांची. त्या म्हणाल्या, “पोराबाळांची नावं नकोत, ती सगळ्यांना माहीत असतात. माहेरची एखादी ओळ घ्या, फक्त आपल्यालाच आठवेल अशी, आणि तिच्या शब्दांची पहिली अक्षरं टाका.” नानांनी आपली ओळ अहिराणीत घेतली. कोणती ते मी कधी विचारलं नाही. पण पासवर्ड टाकताना ते स्वतःशीच हसायचे, आणि ते हसू पाहून मला बरं वाटायचं.

शिवाय दर शनिवारी, अर्ध्या दिवसाचं काम संपलं की अर्धा तास बसायचं ठरलं. चहा आणि गरम भजी. त्या बैठकीला नाव पडलं ‘शनिवारची कुरकुर’. कॉम्प्युटरमुळे आठवडाभरात ज्याला जो त्रास झाला, तो त्याने बोलून दाखवायचा. एक त्रास मी पुढच्या आठवड्यात दूर करायचा. आणि कोणाकडून चूक झाली असेल तर तीही तिथंच सांगायची. सांगणाऱ्याला कोणी ओरडायचं नाही, मेमो नाही, हसायचंही नाही. पहिल्या शनिवारी कुणी तोंड उघडेना. साहेबच म्हणाले, “मी परवा माझा पासवर्ड ड्रायव्हरसमोर मोठ्याने म्हटला.” हशा झाला, आणि मग एकेकाची जीभ सुटली.

आखाजीच्या आदल्या दिवशी खरी परीक्षा झाली. खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, मोठा सण. सासुरवाशिणी माहेरी, झाडांना झोके, घराघरात पुरणपोळी आणि आंब्याचा रस. त्यामुळे सुट्टीआधी सगळ्यांना आपलं बियाणं गावी पोचायला हवं होतं. आमच्या कंपनीच्या धुळ्याच्या डेपोकडून मागणीच्या दोन फ्लॉप्या एसटीने आल्या. कंडक्टर नेहमी त्या दाराशी द्यायचा. त्या दिवशी गर्दीत वाट काढून त्याने त्या सरळ डिस्पॅचच्या खिडकीतून आत सरकवल्या.

मी प्रयोगशाळेत होते. शिपाईमामा धावत आले. “ताई, नाना बोलावतायत. लगेच.”

मी गेले तर नाना उभे होते. दोन्ही हात टेबलापासून लांब, जणू टेबल तापलं होतं. स्क्रीनवर त्या दोन ओळी. खिडकीबाहेर दुकानदार ओरडत होते, “काय झालं? लवकर करा ना!” आणि नानांच्या मागे साहेब येऊन थांबले होते.

नाना सगळ्यांसमोर म्हणाले, “ताई, माझ्याकडून झालं. दाराशी न तपासता मी फ्लॉपी इथे टाकली. त्या दोन ओळी आल्या, तसा हात लावला नाही.”

“दुसरी फ्लॉपी कुठंय?”

“अक्काकडं धाडी.”

मी पळाले. त्या ऑफिसात मी कधी पळाले नव्हते. अक्कांच्या हातात फ्लॉपी होती, आणि त्यांच्या मशीनवर जुना प्रोग्रॅम होता; माझा छोटा प्रोग्रॅम तिथे बसवायचा राहिला होता. म्हणजे त्यांनी ती टाकली असती तर कुणालाच काही कळलं नसतं आणि सगळ्या नेटवर्कला लागण झाली असती. मी दारातूनच ओरडले, “अक्का, थांबा!” अक्कांनी फ्लॉपी टेबलावर ठेवली आणि दोन्ही हात मांडीवर घेतले.

पुढे दुपारभर आम्ही हाताने काम केलं. अशी वेळ आली तर काय करायचं हे शनिवारी बोलून ठेवलेलं होतं, त्यामुळे कोणी गोंधळलं नाही. छापलेल्या याद्यांवरून नानांनी पावत्या लिहिल्या, अक्कांनी गोदामाशी फोनवर मेळ घातला, मी एकेक मशीन तपासलं. दोन्ही फ्लॉप्यांवर व्हायरस निघाला. एकाही मशीनवर नाही. ट्रक संध्याकाळी उजेड असतानाच निघाले. साहेबांनी नानांजवळ येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. नानांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली. माझा ऊर भरून आला होता. कशाने, ते तेव्हा सांगता आलं नसतं. आता सांगता येतं. गर्दीसमोर, साहेबांसमोर, एका वयस्क माणसाला ‘माझ्याकडून झालं’ म्हणावंसं वाटलं, भीती न वाटता. ते आम्ही सगळ्यांनी मिळून उभं केलं होतं.

सण आटोपल्यावर धुळ्याला जाणं भाग होतं, कारण रोग तिथून आला होता. मी साहेबांना म्हटलं, “माझ्याबरोबर नानांना पाठवा.” पारोळ्यावरून जाणाऱ्या एसटीत आम्ही दोघं खिडकीशी बसलो. पारोळ्याला उतरून उसाचा रस घेतला.

धुळ्याचा डेपो आग्रा रोडला लागून होता. तिथले तिघं-चौघं आम्हाला पाहून असे उभे राहिले, जणू पोलीस आले. एक तरुण कारकून तर भिंतीलाच चिकटला. मी मशीन उघडलं, तर तिथे व्हायरस कित्येक दिवस मुक्कामाला होता. त्यांना ठाऊक होतं. कुणी सांगितलं नव्हतं.

मी काही बोलायच्या आत नानांनी खुर्ची ओढली आणि बसले.

“भ्याऊ नका रे. मीबी ती फ्लॉपी टाकेल शे. सांगी दिधं, आनि बठ्ठं काम वाची गयं. माले कोनी काय बोलनं नही.”

सांगितल्यामुळे सगळं काम वाचलं हे ऐकून तरुण कारकुनाने विचारलं, “मेमो नही भेटना?”

“भजी भेटनी,” नाना म्हणाले.

तिथे पहिल्यांदा हसू फुटलं. मग तो पोरगा पुढे आला आणि कोणत्या दिवसापासून मशीन अडखळत होतं ते सगळं सांगू लागला. त्याच्या सांगण्यामुळे माझं काम निम्म्यावर आलं. मी मशीन साफ करेपर्यंत नाना त्या सगळ्यांना पासवर्डची अक्कांची युक्ती शिकवत बसले होते. पुढच्या आठवड्यापासून धुळ्यालाही शनिवारी चहा सुरू झाला. फक्त भज्यांऐवजी ते शेव-मुरमुरे आणायचे.

हंगाम संपल्यावर मुख्य कचेरीतून एक अधिकारी आले. त्यांनी शनिवारी सांगितलेल्या चुकांच्या आमच्या नोंदी चाळल्या आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“आधीच्या वर्षापेक्षा यंदा तुमच्याकडे चुका जास्त दिसतायत. मग तुमची पद्धत यशस्वी कशी?”

“साहेब, चुका तेवढ्याच आहेत,” मी म्हटलं. “आधी त्या लपत होत्या.”

त्यांनी कागद मिटले. मग म्हणाले, “मला तुमचं डिस्पॅच बघायचंय.” मी त्यांना घेऊन गेले. नानांनी त्यांच्यासाठी खुर्ची पुसली आणि आपलं काम चालू ठेवलं.

काही महिन्यांनी सगळ्या शाखांना नवीन परिपत्रक आलं. या वेळी मराठीत, एकाच पानाचं. पासवर्ड एक. उगाचच्या सूचना बंद. चूक सांगणाऱ्याला मेमो नाही. आठवड्यातून एकदा एकत्र बसावे. खाली कुणाचं नाव नव्हतं, आमच्या शाखेचंही नव्हतं. अक्कांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. एखादी लग्नपत्रिका वाचावी तसं, एकेक ओळ थांबून. वाचून झाल्यावर त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “हे आपलं आहे.”

पुढे मी ती नोकरी सोडली, मोठ्या शहरांत मोठ्या कंपन्यांत गेले. तिथे सुरक्षिततेचं प्रशिक्षण द्यायला माणसं विमानाने येतात, आणि कर्मचारी कंटाळतात त्यावर चर्चासत्रं होतात. मला त्यात बोलायला बोलावतात. मी उभी राहते आणि जळगावच्या त्या ऑफिसबद्दल सांगते. नवं काही सांगायला मला सुचत नाही, आणि खरं म्हणजे तशी गरजही वाटत नाही.