पिंजाऱ्याच्या हाती कार्बन

रऊफ गप बसलेला मी आयुष्यात एकदाच पायला. तो दिवस सांगतो.

रऊफ म्हंजे पिढीजात पिंजारी. अर्ध्या अमरावतीच्या गाद्या त्यानं पिंजल्या. मंग कापसाचे दिवस फिरले. गावाच्या हाती पैसा राह्यला नाई, अन् ज्याच्यापाशी होता त्यानं फोमची गादी आनली. कापूस पिंजाची धनुकी खुंटीले टांगून रऊफ आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिपाई म्हनून लागला. मी तिथला लॅब असिस्टंट, म्हंजे माह्या हाताखाली. हाताखाली कायचा, डोक्यावर बसला! दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. खुर्चीवरची उशी दिसली का फुलव, सायबाची गादी दबली का उसव. दबलेली वस्तू त्याले पाहवतच नव्हती.

तवा तिवस्याची रागिणी आमच्याकडे संशोधन करून राहिली होती. पोट्टी गुनाची. तिचं काम कार्बनचं. एक असते ग्राफीन, म्हंजे कार्बनचे डोयाले न दिसनारे पातळ पापुद्रे. दुसऱ्या नॅनोट्यूब, तितक्याच बारीक नळ्या. नुसते पापुद्रे ओल्या पापडावानी एकमेकाले चिकटतात, नुसत्या नळ्याईचा गुंता होते. दोन्ही पान्यात मिसळले का नळ्या पापुद्र्याईच्या मधात बसतात, फट राहते, अन् त्या फटीत वीज साठते. हे तिनं मले इतक्या खेपा सांगतलं का मी झोपेत म्हनून दाखवीन. ते पानी गाळून वाळवलं का तळहाताएवढी काळी चकती तयार.

त्या दिवशी अकोल्याहून मोठे सर येनार होते. त्या चकतीवर दिवा लागला तर रागिणीची शिष्यवृत्ती पुढं चालू, नाई तर बॅग भरून तिवस्याले वापस.

सकाळी मी पोचतो तं रऊफ खिडकीत बसलेला. बोटं काळी, नाक काळं, समोर वाटीत काळा भुगा.

"नत्थुभाऊ, पाय! पार दगड झाला होता. असा फुलवला का रेशीम!"

मागून रागिणी आली. वाटी उचलून पायली. "चाचा, ती चकती घट्टच पायजे होती, भुग्यातून वीज जात नाई," म्हने, अन् रडाले लागली.

माहं डोस्कं फिरलं. "अबे, गादी हाय का ते? तुह्या बोटाईले कुलूप लावू का?"

रऊफनं तोंड उघडलं, मिटलं. बस, तवाच तो गप बसला.

रागिणीनं डोये पुसले. भुगा पान्यात टाकून हलवनाऱ्या मशीनमंधी ठेवला, पुन्हा गाळला. चकती जमली, पन ओलीकच्च. भट्टीत वाळवाची तं लाइट गेली! लोडशेडिंग. सर येनार तीनले अन् लाइट पाचले.

"गच्चीवर ठेवू," मी म्हनलं. मे महिना होता, फरशी तव्यावानी तापली होती. रागिणी खाली तारा जोडाले गेली अन् चकतीपाशी आमी दोघं म्हातारे, डोक्यावर ओले दुपट्टे घेऊन.

चकती वाळू लागली, आवळू लागली. इकडं रऊफची बोटं वळवळू लागली.

"नत्थुभाऊ, त्या कोपऱ्यात गाठ हाय."

"असू दे."

"जराशी मोकळी करतो."

"हात लावून पाय, इथूनच खाली टाकतो तुले!"

रऊफ रडकुंडीले आला. "मले समजते रे भाऊ. पन हे हात माहं नाई ऐकून राहिले." अन् त्यानं दोन्ही हात माह्यापुढं केले. "धर. पोट्टीचं वाटोळं होईल, धरून ठेव."

मी धरले. भर उन्हात नवरानवरीवानी हातात हात घेऊन बसलो. बाजूच्या होस्टेलच्या पोरी खिदळल्या, खिदळू दे म्हनलं.

रागिणी येऊन चकती घेऊन गेली. आमी मांगं मांगं उतरलो. तिनं तुकडे कापले, बटनाएवढ्या डब्याईत बसवले, बॅटरीनं त्याईत वीज भरली अन् बॅटरी काढून टाकली. अंधाऱ्या खोलीत सर वाकून पाहून राहिले होते. तार जोडली तसा लाल दिवा लागला, अन् लागूनच राह्यला. मले रडू आलं, खोटं काहून बोलू?

"काम चालू ठेवा," सर म्हनले. "चकती फार सुबक जमली आहे. वाळवली कोणी?"

"आमच्या चाचांनी," रागिणी म्हने.

सरांनी हात पुढं केला. रऊफ जागचा हालेना. माह्याकडे पाहून हळूच म्हने, "नत्थुभाऊ, आता तं माहे हात सोड."