वडलांची रजा

देऊळगाव राजाला कापूस खरेदी करणाऱ्या एका विलायती कंपनीत मी कारकून होतो. कंपनीचं नियमांचं पुस्तक समुद्रापलीकडे छापलेलं, आणि जगात जिथं तिची कचेरी तिथं तेच लागू. घरी कोणी वारलं तर रजा मिळे. पण माणसं चारच धरलेली: आई, बाप, बायको, मूल. बाकीच्यांनी मरायचं ते रविवार पाहून!

साखरखेर्ड्याला आमचे मोठे बाबा, म्हणजे वडलांचे थोरले भाऊ, वारले. त्यांना मूलबाळ नव्हतं. मला त्यांनीच वाढवलं, शिकवलं. अग्नी मीच द्यायचा होता. अर्जात चुलत्याला जागा सापडेना. आमचे हेडक्लार्क, एक वयस्कर मुसलमान गृहस्थ, म्हणाले, "अरे, ज्यानं पोसलं तो बापच ना बे? लिही बाप, अन् नीघ." खाली साक्षीची सही त्यांनीच केली. मला त्यात काही खोटं वाटलं नाही. परत आल्यावर साहेबांनी उभं राहून माझा हात हातात घेतला. माणूस वाईट नव्हता.

दोन वर्षांनी वडील गेले. गावाकडून माणूस सायकल हाणत आला. दिवस मावळायच्या आत पोच, तोवर थांबतात, असा निरोप. मी साहेबांकडे गेलो. त्यांनी फाईल उघडली.

"तुमचे वडील वारलेत. कागद इथं आहे."

खरं सांगावं, तर खोट्या साक्षीपायी हेडक्लार्क घरी बसणार. न सांगता जावं, तर मी. शेजारच्या टेबलावर त्यांचा टाक थांबला होता. मी तिकडे पाहिलं नाही.

"चूक झाली, साहेब," म्हणालो आणि जागेवर येऊन बसलो. धाकट्या भावाला अग्नी देऊ द्या, असं सांगून त्या माणसाला परत पाठवलं. मग दिवसभर गाठींचे नंबर उतरवले. एकही चुकला नाही. रडू आलं नाही, रागही नाही; आत काही हललंच नाही. त्याची भीती मला पुढं फार दिवसांनी वाटली.

रविवारी घरी गेलो. धाकट्याचं डोकं भादरलेलं. आई बराच वेळ माझ्या केसांकडे बघत होती.

"बाप मेला तरी सुटी देत नाहीत का रे तुह्या हापिसात?"

"देतात," मी म्हणालो. "एक डाव."

"मंग घेतली काऊन नाही?"



मी घेतली होती, हे तिला सांगायला माझी जीभ उचलली नाही.