दान दिलेली हॅट

ह्यांची तपकिरी हॅट मी तेराव्याच्या दिवशी दान दिली आणि त्याच दुपारी आमचा मोठा कुत्रा घर सोडून गेला. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, एकच आहे. ती कशी झाली ते नीट लिहून ठेवायचं आहे. तोंडाने सांगायला गेले की ऐकणारे म्हणतात, जाऊ द्या, कुत्रंच ते. वही तसं म्हणत नाही.

कुत्री आमच्याकडे आली ती गार्डसाहेबांकडून. ते अँग्लो-इंडियन, रेल्वेत गार्ड होते, रिटायर झाल्यावर रेल्वे कॉलनीच्या मागे राहायचे. हे वर्कशॉपमध्ये फिटर. साहेबांचा नळ गळला, पंखा अडला की हे सुटीच्या दिवशी जाऊन दुरुस्त करायचे आणि मग तासभर तिथेच बसायचे. साहेबांची मुलगी ऑस्ट्रेलियात, तिने शेवटी त्यांना नेलं. त्या आठवड्यात हे रिक्षातून दोन पिल्लं आणि एक पत्र्याची ट्रंक घेऊन आले. पिल्लं व्हिपेट जातीची होती. ट्रंकेत जुन्या हॅट्स होत्या, एकूण अकरा.

मी म्हटलं, "हे काय आणलंत?"

"साहेबांचा संसार. कोणी घेईना."

"आणि आपण घ्यायचा?"

"आपल्याकडे जागा आहे."

झाशीच्या ओरछा गेटच्या आतल्या गल्लीत दोन खोल्या, हातभर अंगण आणि वर गच्ची, एवढी आमची जागा.

साहेबांनी ठेवलेली इंग्रजी नावं आमच्या तोंडात बसेनात. बदामी रंगाचा तो मोठा आणि राखाडी ती धाकटी, असंच आम्ही म्हणत राहिलो. दोघं एकाच वेतातली, पण मोठा आधी जन्मला असं साहेबांनी सांगितलं होतं. वाढली तेव्हा कुत्र्यांसारखी दिसेनातच. पोट पाठीला लागलेलं, पाय काटकुळे, तोंड निमुळतं, डोळे मोठे. गल्लीतली पोरं त्यांना हिरन म्हणायची. समोरची बाई ह्यांना टोमणा मारायची, "भैयाजी, इनको कुछ खिलाते भी हो कि सिर्फ घुमाते हो?"

हे म्हणायचे, "खाते सब हैं जी, दिखाते नहीं. हमारे खानदान पे गए हैं."

खायची ती खरंच. पोळ्यांचा डबा नाकाने उघडायची. पण भुंकायची नाहीत. चार दिवसांत एकदा, तेही लाजत. मला त्यांचं तेच आवडलं. मीही घरात कोणी आलं की आतल्या खोलीत जाणारी. झाशीत येऊन इतकी वर्षं झाली, पण दुकानदाराशी हिंदीत दोन वाक्यं बोलायची तर आधी मनात जुळवून ठेवते. ती दोघंही पाहुणे आले की माझ्या मागोमाग आत येऊन माझ्या पायाला टेकून उभी राहायची. आम्ही तिघं तिथून बाहेरचं बोलणं ऐकायचो.

इथली थंडी त्यांना सोसत नसे, अंगावर केस असे नाहीतच. ह्यांच्या जुन्या स्वेटरची बाही कापली की ती मोठ्याच्या अंगात बरोबर बसायची, जणू त्याच्यासाठीच विणली होती. पहिल्या हिवाळ्यात मी त्यांना गोधडीत येऊ दिलं नाही. दुसऱ्या हिवाळ्यात धाकटी आली. तिसऱ्यात दोघंही, आणि गोधडीबाहेर हे.

हॅट्सचं काम माझ्याकडे होतं. काळ्या, करड्या, एक उन्हाळ्यातली बुचाची, एक कडेला गंजाचा डाग असलेली. मला त्यांची उस्तवार करायला आवडायचं. चहाचं आधण उकळलं की वाफेवर धरायची, बसलेला भाग हाताने वर उचलायचा, मऊ ब्रशाने एकाच दिशेने झाडायचं. आतल्या पट्टीला जुन्या तेलाचा वास यायचा, कोणा माणसाच्या डोक्याचा. ट्रंकेत कडुनिंबाचा पाला घालून ठेवायची. त्यात एक साहेबांच्या बायकोची होती, गवताची, लहानशी, निळी फीत लावलेली. दुपारी दार लावून मी ती घालून बघत असे. एकदा हे लवकर घरी आले. मी हॅट मागे लपवली, पण फीत लोंबत होती.

हे म्हणाले, "मैदानावर येतेस?"

"वेड लागलं का तुम्हाला?"

"गल्लीत नको घालूस. पिशवीतून ने, तिथे गेल्यावर घाल."

"लोक बघतील."

"बघू दे की. बघण्यासाठीच असते ती."

मी गेले नाही. पुढेही कधी गेले नाही. फार वेळा विचारलंही नाही त्यांनी, मला ओशाळं वाटेल म्हणून.

हे मात्र रोज सकाळी ट्रंकेतली तपकिरी हॅट घालून, उजव्या कानावर थोडी कलती ठेवून, दोघांना मैदानावर न्यायचे. आमच्या गच्चीवरून वेशीबाहेरच्या त्या मैदानाचा एक तुकडा दिसतो. त्याच्या पलीकडे रेल्वेची लाईन. मी कपडे वाळत घालताना बघायची. ही जात नाकाने नाही, डोळ्याने चालते. काही हललेलं दिसलं की निघाली, मग कितीही हाका मारा, ऐकू येत नाही. शिट्टीचा तर उपयोगच नाही. रेल्वेच्या गावात दिवसभर शिट्ट्याच वाजतात. म्हणून गार्डसाहेबांनी यांच्या आईला हॅटवर शिकवलं होतं, गाडीला झेंडी दाखवावी तसं. तेच ह्यांनी उचललं. हॅट डोक्यावरून काढायची, हात उंच करायचा आणि दोनदा फिरवायची. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असलेली दोन ठिपक्यांसारखी कुत्री वळायची आणि जमिनीला पाय न लागता यायची. एवढ्या लांबूनही मला ह्यांचा चेहरा दिसल्यासारखा वाटे. तेवढं सुख मी दुसऱ्या कशात पाहिलं नाही.

मागच्या पौषात हे गेले. छातीत कळ आली आणि दोन दिवसांत संपलं.

थोरले दीर आणि जाऊबाई भुसावळहून आले, मुलगी ग्वाल्हेरहून आली. सगळे विधी दिरांनी केले. घरात माणसं, म्हणून कुत्री अंगणात बांधलेली. धाकटी खाटेखाली झोपून असे. मोठा तेरा दिवस दाराकडे तोंड करून बसला होता. दार वाजलं की उभा राहायचा, आत येणाऱ्याचं डोकं बघायचा आणि पुन्हा बसायचा. पायाकडे, हाताकडे नाही, डोक्याकडे.

तेराव्याला गुरुजी आले. वयस्कर आहेत. घराणं झाशीजवळच्या गुरसरायचं, जुन्या वळणाचं मराठी बोलतात. दानाच्या वस्तू मांडल्या होत्या, छत्री, चपला, धोतर, तांब्या, कांबळं. डोक्यासाठी जाऊबाईंनी नवी पांढरी टोपी आणली होती. ती टोपी बघून मला राहवेना. ह्यांनी जन्मात कधी पांढरी टोपी घातली नाही. आणि थंडी फार होती. ह्यांच्या डोक्यावर केस उरले नव्हते, हॅटशिवाय बाहेर पडले की शिंकायचे. दिलेलं पोचतं म्हणतात. मग तिथे डोकं गार पडू नये, एवढंच माझ्या मनात आलं. मी उठले, खुंटीवरची तपकिरी हॅट आणली आणि टोपीच्या जागी ठेवली.

जाऊबाई हळूच म्हणाल्या, "अगं, हॅट देतात का कोणी दानात?"

गुरुजी म्हणाले, "असू द्या. त्यांच्या अंगचं जे होतं तेच पावतं, बाई."

निघताना त्यांनी ती माझ्यासमोर डोक्यावर घातली. दानाचा मान ठेवायचा म्हणून घातली असणार. मला बरं वाटलं. त्यांचा मुलगा मोटरसायकल घेऊन आला होता, तिच्यावर ते मागे बसले. जेवणं झाली होती, म्हणून मुलीने नेमकं तेव्हाच कुत्र्यांना सोडलं होतं. मोठा दारात आला आणि त्याला गल्लीच्या तोंडाशी ती हॅट पाठमोरी जाताना दिसली, तसा तो सुटला.

मी त्याला हाक मारली नाही. मला आधी कळलंच नाही. तो आनंदाने इतका ताणला गेला होता की मला वाटलं, खेळतोय.

रात्री तो आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मुलीने स्कूटरवरून सगळीकडे शोधलं. गुरुजींच्या मुलाला फोन केला, तर तो म्हणाला, मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत कुत्रा मागे होता, पुढे दिसला नाही.

मुलगी मला म्हणाली, "आई, तूने वही क्यों दी? दस और पड़ी थीं ना." तिला मराठी सगळं कळतं, पण बोलायची वेळ आली की ती हिंदीवरच येते.

मी म्हटलं, "त्यांची तीच होती."

"मैं गुरुजी के यहाँ जाके माँग लाती हूँ. दिखाएँगे तो आ जाएगा."

जाऊबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दान दिलेलं परत आणायचं म्हणजे भावोजींच्या डोक्यावरून काढून आणायचं."

मुलीने हातातली स्कूटरची किल्ली परत खुंटीला लावली.

तिसऱ्या सकाळी दूधवाला सांगत आला, "काकी, तुमाओ हिरन मैदान के उस पार बैठो है. काऊ खों पास नईं आउन दे रओ." कोणाला जवळ येऊ देत नव्हता म्हणे. म्हणजे मोटरसायकल हातची गेल्यावर हॅट रोज जिथे जायची तिथे तो जाऊन बसला होता. मुलगी पोळी घेऊन धावली. तासाभराने रडत परत आली. ती जवळ गेली की तो उठायचा आणि पाय दुखावलेला असूनही लाईनच्या दिशेने पळायचा. एक मालगाडी जाताना तो अगदी रुळांशी होता, तिने डोळेच मिटून घेतले.

मी ट्रंक उघडली. काळी हॅट काढली, हे रविवारी घालायचे ती. खुंटीवरचा रेल्वेचा जाड कोट लुगड्यावरून अंगात घातला. तो माझ्या गुडघ्याखाली गेला. हॅट घातली आणि उजव्या कानावर कलती केली.

जाऊबाई दारात उभ्या. "महिना झाला नाही अजून. हे घालून तू बाहेर जाणार?"

मी उलट बोलणारी नाही. पण थांबलेही नाही.

गल्लीत ऊन यायचं होतं. मी खाली बघत, पण ह्यांच्यासारखी लांब ढांगा टाकत चालले. पानवाला दुकान झाडत होता. त्याने सवयीने हात वर केला, "राम राम, भैया—" आणि मग तो हात तसाच राहिला. मी वेशीतून बाहेर पडले. मागे कोणी हसलं नाही.

मैदान गच्चीवरून वाटतं त्याहून खूप मोठं आहे. हे मला तेव्हा कळलं, इतक्या वर्षांनी. पलीकडे, लाईनच्या अलीकडच्या झुडपाशी एक बदामी ठिपका होता. ह्यांच्या उभं राहायच्या जागी गवत मेलेलं होतं, मी तिथे उभी राहिले. हॅट काढली, हात उंच केला आणि दोनदा फिरवली.

ठिपका उभा राहिला. मग तो आला. गच्चीवरून मी हजारदा पाहिलं होतं, पण माझ्याकडे कोणी तसं येताना पाहिलं नव्हतं. पाठ कमानीसारखी वाकत होती आणि सुटत होती, कान मागे पडलेले, तोंड हसल्यासारखं उघडं. मला क्षणभर वाटलं, मी ह्यांच्या आत उभी आहे.

दहा पावलांवर तो थांबला. त्याने डोक्याकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. शेपटी हलत होती ती हळूहळू खाली गेली. मी म्हटलं, "मीच आहे रे." तो पळाला नाही. बराच वेळ उभा राहिला, मग लंगडत लंगडत, शेवटची दहा पावलं चालत आला आणि आपलं निमुळतं डोकं कोटात खुपसून उभा राहिला. कोटाला ह्यांचा वास होता अजून. मी खाली बसले. इतक्या दिवसांत मला नीट रडू आलं नव्हतं, ते तिथे आलं.

घरी आलो तेव्हा जाऊबाईंनी दूध कोमट करून ठेवलं होतं, त्याच्या पायाला लावायला हळद कालवली होती. माझ्या अंगातला कोट त्यांनीच उतरवला. म्हणाल्या, "जड आहे गं," आणि खुंटीला लावला.

त्या दिवसापासून मोठ्याने दाराकडे बघणं सोडलं. दार वाजलं तरी उठत नसे. सगळे म्हणाले, बरं झालं, स्थिरावला. मला तसं वाटलं नाही. मी त्याला आणायला गेले होते, पण जाऊन त्याला हे गेले ते सांगून आले, असं मला वाटत राहिलं. इतरांनी मला सांगितलं होतं. त्याला सांगायला मीच उरले होते.

या पौषात वर्षश्राद्ध झालं. गुरुजी आले ते तीच तपकिरी हॅट घालून. कडाका होता, कानापर्यंत ओढलेली होती. मी आधी अंगणात पाहिलं. मोठा उन्हात पडला होता, अंगात स्वेटरची बाही. त्याने मान उचलली, हॅट दारातून आत येताना पाहिली, नीट पाहिली, आणि डोकं परत पायांवर ठेवलं. धाकटीने त्याचा कान चाटला.

गुरुजींनी हॅट काढून कोनाड्यात ठेवली. परक्या माणसाशी मी आपणहून बोलत नाही, पण जाताना ती त्यांच्या हातात देताना विचारलं, "डोकं गरम राहतं का हिच्यात?"

ते म्हणाले, "छान राहतं, बाई. थंडी म्हणून लागत नाही."

मी म्हटलं, "मग झालं," आणि ते गल्लीच्या वळणावर दिसेनासे होईपर्यंत दारात उभी राहिले.