टाकीच्या झाकणावरचा शेंदूर

मारुतीरायावर मी रुसले होते, हे आधीच सांगून टाकते. दसऱ्यापासून त्याची एवढी सेवा केली आणि आमची मोटार मात्र दिवसेंदिवस जास्तच अडून बसायला लागली होती. मला राग लवकर येतो, आणि देवावर आला तर तो मी देवाला तोंडावर सांगते. शनिवारी देवळात उभी राहून त्याला स्पष्ट म्हटलं होतं, "एक मोटार तुला सांभाळता येत नाही का रे?"

आम्ही हिवरखेडचे. घरी शेती, आणि यजमानांना यंत्रांचा भारी नाद. अकोल्याच्या एका वकिलांकडून त्यांनी ती जुनी मोटार घेतली, तेव्हा गावात दुसरी नव्हती. पहिल्या दसऱ्याला बैलांबरोबर तिचीही पूजा झाली. टिळा कुठे लावायचा, यावर माझा विचार पक्का होता. बैलाला घास भरवतो तो तोंडात, तसं मोटारीचं तोंड म्हणजे मागची पेट्रोलची टाकी. म्हणून मारुतीचा तेलात कालवलेला शेंदूर मी टाकीच्या झाकणावर थापला, अगदी मधोमध.

त्यानंतरच गाडीचं दुखणं सुरू झालं. घरून निघताना ठणठणीत, आणि थोडं अंतर गेलं की दम सुटायचा. चढ आला की खोकायची आणि बंद पडायची. मग हँडल मारून मारून यजमानांचे हात भरून यायचे, तरी ती हूं की चूं करत नसे. थोडा वेळ सोडून दिली की आपोआप सुरू. प्लग घासले, बॅटरी बदलली, कार्बोरेटर उघडून धुतला. कधी पेट्रोल संपलं की काय म्हणून टाकीचं झाकण उघडून काडी घालून बघायचे. पेट्रोल असायचंच. झाकण लावलं की गाडी पहिल्या झटक्यात चालू. मी आत बसून मारुतीचं नाव घेत असायची, त्यामुळे मला वाटायचं, माझीच हाक पोहोचली. मग शनिवारी झाकणावर आणखी एक टिळा. गाडी जेवढी जास्त अडे, तेवढा माझा शेंदूर जाड होत जाई.

दिवाळी झाली, कापसाची वेचणी जोरात होती. माझी नणंद कुसुम पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. एका सकाळी तिला कळा सुरू झाल्या. आमची सुईण जुनी जाणती बाई. तिने पोटावर हात फिरवला आणि तिचा चेहराच उतरला. म्हणाली, "लेकरू आडवं हाय. माह्या हातचं काम नाही. अकोल्याले न्या, आताच्या आता." सासूबाई देवापाशी बसल्या आणि आम्ही कुसुमला गादीसकट मागच्या सीटवर घेतलं. मी तिचं डोकं मांडीवर धरलं.

वाटेतल्या अकोटपर्यंत गाडी कशीबशी आली. तिथे यजमानांनी टाकी गळ्यापर्यंत भरून घेतली, वाटेत कमी पडायला नको म्हणून. पण अकोट मागे टाकलं आणि एका फाट्यापाशी नाल्याच्या चढावर तिने मान टाकली ती टाकलीच. यजमान बॉनेट उघडून नळीत फुंकर मारत होते. टाकी आत्ताच भरलेली, मग झाकण कोण कशाला उघडेल? रस्त्यावर कापसाने भरलेल्या बैलबंड्या तेवढ्या, त्याही उलट दिशेने जाणाऱ्या. कुसुमचे ओठ पांढरे पडले होते. माझा पदर मुठीत धरून ती म्हणाली, "वैनी, मी मरून राहिली काय वं?"

"काही बी बोलू नको," असं तिला दटावलं आणि पाणी आणायच्या निमित्ताने उतरले, कारण मला रडू आवरत नव्हतं. एरवी अशा वेळी माझे नवस धडाधड सुटायचे. हे वाहीन, ते सोडीन. त्या दिवशी एकही आठवला नाही. रागसुद्धा उरला नव्हता. चालता चालता एवढंच म्हटलं, "बाबा, मला आता काही सुचत नाही. तूच बघ."

फाट्यावर एक किराण्याचं दुकान होतं. तिथे तांब्याभर पाणी मागितलं. दारात नवरा-बायको तेलाच्या बंद डब्याशी झटत होते. नवऱ्याने खिळ्याने डब्याला भोक पाडून तो आडवा केला होता, आणि तेल गुटुक गुटुक करून थांबत होतं. बायको त्याच्यावर खेकसली, "अवो, एकाच भोकानं तेल कसं पडन? वारा आत जाईन तवा तेल बाहेर येईन ना! दुसरं भोक पाडा वरून!" त्याने दुसरं भोक पाडलं. तेलाची धार सरळ, अखंड पडायला लागली.

मी त्या धारेकडे बघत राहिले आणि एकदम आठवलं. टाकीच्या झाकणाला मधोमध एक बारीक छिद्र होतं. पहिला टिळा लावताना ते माझ्या बोटाला लागलं होतं!

मी उलट पावली धावत सुटले. मागून ती बाई ओरडत होती, "अवं, पाणी तर नेजो!" मी यजमानांना ओरडून म्हटलं, "झाकण उघडा! टाकीचं झाकण!" ते म्हणाले, "काहून? भरेल तर हाय." मी स्वतःच ते फिरवलं. फुस्सकन आवाज झाला आणि टाकीने हवा ओढून घेतली, कोंडलेला माणूस श्वास घेतो तशी. केसातला आकडा काढून मी ते छिद्र कोरलं. शेंदराची खपली निघाली, चांगली जाड. यजमानांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा खपलीकडे. हँडल मारलं आणि गाडी सुरू झाली! तेवढ्यात ती दुकानवाली तांब्या घेऊन आली, कुसुमला तिने पाणी पाजलं, आणि आम्ही निघालो. अकोल्यात मोर्णा नदीचा पूल येईपर्यंत गाडी एकदाही अडखळली नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी कुसुमला लगेच आत घेतलं. बऱ्याच वेळाने बाळाचा आवाज आला आणि मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसले. मुलगी झाली होती. दोघी सुखरूप. यजमान तोंड फिरवून डोळे पुसत होते.

पुढे मी त्या दुकानवाल्या बाईसाठी खणनारळ घेऊन गेले. तिला काही उमगेचना. "मी तं डबा फोडून राहिली होती बाई," ती म्हणाली. तिची ओटी भरताना मला हसू येत होतं आणि डोळेही भरत होते. त्या वेळी, त्या दारात, तो डबा कुणी ठेवला, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. मला एवढंच कळलं, की देवाला मी माझ्या भक्तीने चारी बाजूंनी लिंपून टाकलं होतं. मला काही सुचेनासं झालं, तेव्हा कुठे त्याला आत यायला वाट मिळाली.

त्याआधी, दवाखान्यातून निघायच्या दिवशी, मी पदराच्या गाठीत जपून ठेवलेली ती खपली सोडली. मारुतीचाच शेंदूर तो, टाकवेना. तेलाचं बोट लावून बाळाच्या कपाळी टेकवायला निघाले, तर कुसुमने माझा हात धरला. किती दिवसांनी ती हसत होती.

"लाव वैनी," ती म्हणाली, "पण नाकाच्या भोकापासून दूर लाव वं."