इकोकाकी

आवाज पूर्ण विझेपर्यंत इकोकाकी कुणालाही बोलू देत नसत. गिटारची तार छेडली की रिक्षा थांबवावी तसा त्यांचा हात वर जायचा, डोळे मिटायचे, आणि तो हात खाली येईपर्यंत दुकानातल्या सगळ्यांनी गप्प बसायचं. एकदा एक गिऱ्हाईक मोबाइलवर बोलत राहिलं, तर काकींनी डोळे न उघडता त्याला सांगितलं, "भाऊ, भायेर जा. हितं एक जन मरतोय." तो बिचारा खरंच बाहेर जाऊन उभा राहिला.

मरणारा म्हणजे इको. तार वाजते आणि तिच्या मागून तोच आवाज पुन्हा पुन्हा, दर वेळी थोडा दमत येतो, त्याला त्या 'शेपूट' म्हणायच्या. आवाज कसा सुरू होतो ते कुणालाही कळतं, तो संपतो कसा ते ऐकावं, हे त्यांचं एकच शास्त्र होतं. उरण रस्त्यावरच्या एका गावातून त्या एसटीने पनवेलला यायच्या. मी तेव्हा जुन्या पनवेलच्या बाजारात वाद्यांच्या दुकानात काउंटरवर होतो, अजूनही आहे. पिन लावलेल्या पदरावरून गिटारचा पट्टा, पायात साधी चप्पल, समोर जमिनीवर नवऱ्याने कधीतरी आणलेलं जुनं इकोचं यंत्र. त्यावर तीन बटणं होती आणि तिन्हींवरचे आकडे पुसले गेले होते.

गिटार नवऱ्याचीच. तो ऑर्केस्ट्रात वाजवायचा. पुढे उरणला कंपनीत लागला, पाळ्या सुरू झाल्या, आणि एका साखरपुड्याला वेळेवर पोचू शकला नाही, तेव्हा काकी जाऊन बसल्या. घरी ऐकून ऐकून त्यांचा हात तयार झाला होता. त्यानंतर वीस वर्षं त्याच ऑर्केस्ट्रात त्या स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून वाजवत राहिल्या. कोपऱ्यात का, असं मी एकदा विचारलं. "शेठला बाई मधी नको. आवाज मधी चालतो," त्या म्हणाल्या. हसत म्हणाल्या, पण ते हसणं मला आवडलं नव्हतं.

शेठ म्हणजे ऑर्केस्ट्राचे मालक. त्यांनी आमच्याकडून डबा घेतला तो मीच विकला. डबा म्हणजे ते नवं डिजिटल यंत्र. गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या नामांकित अ‍ॅम्पचे आवाज त्यात भरलेले असतात, शिवाय हवा त्या अ‍ॅम्पची नक्कलही त्याला काढता येते. माझं बोलणं अर्धवट तोडून शेठ म्हणाले, "तू बॉक्स पॅक कर. ऐकायचं काम आमचं." मग ते काकींकडे गेले आणि म्हणाले, "काकी, तुमचा अ‍ॅम्प उचलता उचलता पोरांच्या कमरा गेल्या. याची नक्कल काढून ठेवू, तुम्हालाच सोपं." काकींनी आनंदाने अ‍ॅम्प चालू केला, बटणं आपल्या नेहमीच्या जागी आणून ठेवली, डबा खर्रखर्र करत आवाज गिळत होता तेव्हा शेजारी उभ्या राहिल्या. सगळ्यांना चहासुद्धा दिला.

पंधरा दिवसांनी गावातल्या एका लग्नात त्यांना आपलाच आवाज ऐकू आला. शेठचा भाचा, चोवीसेक वर्षांचा प्रणय, स्टेजच्या मधोमध उभा राहून वाजवत होता. काकींना कुणी कळवलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दुकानात आल्या. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "दिनेश, तो डबा दाव. अ‍ॅम्प नको दावूस. तो माजाच हाय, चांगला असनारच. मागचं दाव."

त्यांना काय हवं होतं ते माझ्या लक्षात आलं. डब्याने नक्कल काढली होती ती फक्त अ‍ॅम्पची. इको त्यात उतरत नाही, तो डब्याचा स्वतःचा वापरावा लागतो. म्हणजे अ‍ॅम्प चोरीला गेला होता, शेपूट काकींकडेच राहिलं होतं. डब्याचे इको वगैरे आतले इफेक्ट रद्दड निघाले, तर काकींशिवाय तो आवाज होत नाही हे सिद्ध होणार होतं. चांगले निघाले, तर काकी संपल्या. एरवी गिऱ्हाइकं मला विचारतात, यात अ‍ॅम्प किती, दोनशे की तीनशे. आतले इफेक्ट कसे आहेत ते कुणी विचारत नाही. त्या बाईचं सगळं आयुष्य त्या न विचारलेल्या प्रश्नावर येऊन थांबलं होतं.

त्यानंतर दोन महिने दर मंगळवारी त्या यायच्या. दुकानातला प्रत्येक डबा काढायला लावायच्या आणि हात वर करून ऐकायच्या. हॉलसारखा घुमणारा आवाज लावला की म्हणायच्या, "हा हॉल नाय, पत्र्याची शेड हाय." एका महागड्या डब्याला म्हणाल्या, "याला मरता येतं," आणि चेहरा पडला. शेठकडे होता तो डबा मधल्या किमतीचा होता. त्याचा इको बरा होता, आणि त्यामुळेच काकी अस्वस्थ होत्या. शेवटी एका मंगळवारी त्याच डब्यात त्यांना सापडलं. त्या सोलो वाजवत होत्या, शेपूट हवेत असताना त्यांनी पायाने डब्याचं बटण दाबून दुसरा आवाज निवडला, आणि मागचा इको कात्रीने कापावा तसा तुटला. त्यांनी पुन्हा केलं, पुन्हा तुटला. दहा वेळा केलं.

"मेला," काकी म्हणाल्या. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला होता. "शेपटीवर पाय पडला नि मेला. दिनेश, असा तुटतो व्हय हा?"

"असाच आहे, काकी," मी म्हणालो. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं.

खरं काय ते त्याच आठवड्यात कळलं. डब्याची माहितीपुस्तिका चाळताना मागच्या एका पानावर ते सापडलं. आत एक सेटिंग होतं. ते चालू केलं की आवाज बदलला तरी मागचा इको आपल्या वेळेने विझतो. कंपनीकडून येताना ते बंद असतं. मी पुस्तिका मिटून खणात ठेवली. काकींच्या चेहऱ्यावरचा तो उजेड मला घालवायचा नव्हता. चारच दिवसांनी प्रणय आला. मुलगा सरळ होता. म्हणाला, "दादा, आवाज बदलला की इको तुटतो. काही सेटिंग आहे का?" मला काकींचा तो कोपरा दिसला आणि शेठचं "तू बॉक्स पॅक कर" ऐकू आलं. मी म्हणालो, "नाही. हा डबा असाच आहे." मला गोड वाटलं, हे लपवत नाही.

गावच्या जत्रेत संध्याकाळी शेठचा कार्यक्रम होता. काकी पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीवर जाऊन बसल्या. मी त्यांच्या मागे. पहिल्याच गाण्यात प्रणयने आवाज बदलला, इको तुटला, आणि काकी घरात बोलाव्या तशा आवाजात म्हणाल्या, "मेला." शेजारच्या दोन बायका हसल्या. दुसऱ्या वेळी तुटला तेव्हा पुन्हा "मेला." गाव काकींना ओळखत होतं, त्यांच्याशी काय झालं तेही सगळ्यांना माहीत होतं. चौथ्या गाण्याला तुटला तेव्हा अख्खी रांग म्हणाली, "मेला." पुढच्या गाण्यापर्यंत मागची पोरं वाटच बघत होती, आणि प्रणयचा पाय बटणापाशी गेला की सगळं मैदान श्वास धरायचं. त्याची सुरावट चुकली, गायिका अडखळली, आणि तो गिटार स्टँडला लावून स्टेजच्या मागे निघून गेला. शेठ माइकवर काहीतरी विनोद करत होते, तो कुणालाच ऐकू आला नाही.

काकींनी परतताना मला घरी जेवायला घातलं. त्या सबंध जेवणात एकदाही त्यांनी प्रणयचं नाव घेतलं नाही. "शेठचं त्वांड बघितलंस?" एवढंच तीनदा विचारलं.

पुढच्या मंगळवारी त्या दुकानात असतानाच प्रणय आला, गिटार विकायला. काकींना बघून दारातच थांबला. मग धीर करून म्हणाला, "काकी, मी आधीच विचारलं होतं. दादा म्हणाले, सेटिंग नाही. नाहीतर मी केलं असतं."

काकी माझ्याकडे वळल्या. "खरंच नाय?"

मी खोटं बोलणार होतो. पण त्यांनी हात वर केला, आवाज ऐकताना करायच्या तसा. मी खणातून पुस्तिका काढली आणि डब्यात ते सेटिंग चालू केलं. काकींनी प्रणयची गिटार घेतली, एक सूर वाजवला, पायाने आवाज बदलला. शेपूट तसंच हवेत राहिलं. दमत दमत, खाली खाली जात, शेवटी पंख्याच्या घरघरीत विरून गेलं. काकींचा हात त्यानंतरही बराच वेळ वर होता.

"चांगला हाय," त्या म्हणाल्या.

मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मना वाटलं, मी कानानं पकडला त्याला. तू खोटं बोलून मारलास. गावासमोर मना खोटी पाडलंस तू." आवाज चढला नव्हता. "या पोराला लावून दे. आत्ता."

मी लावून दिलं. प्रणय पुटपुटला, "पण रविवारी नवीन पनवेलला टुर्नामेंटचा बक्षीस समारंभ आहे. तुम्ही परत..."

"तुज्याशी माजं भांडन नाय. तू वाजव. गिटार विकलीस तर याद राख."

रविवारी सकाळी मैदानावर काकी पुन्हा पहिल्या रांगेत बसल्या. मी गेलो, पण त्यांच्याजवळ बसायची हिंमत झाली नाही. प्रणयने वाजवलं. आवाज बदलला, इको तुटला नाही. लोक काकींकडे बघायचे, काकी गप्प. तीन गाणी अशी झाली. चौथ्यानंतर शेठना राहवलं नाही. माइक घेऊन म्हणाले, "काय काकी, आज कुणी मेला नाही वाटतं?"

मैदान हसलं. काकी उठल्या, पदर खोचला, आणि पायऱ्या चढून स्टेजवर गेल्या. कोपऱ्याकडे नाही, मधोमध. शेठच्या हातातून त्यांनी माइक घेतला आणि शेठनी तो दिला, कारण समोर पंधरा गावांची माणसं होती.

"शेठ बरोबर बोलतात," काकी म्हणाल्या. "डबा चांगला हाय, मागचा आवाजबी चांगला हाय. मी चुकली. पन पुडचा आवाज माजा हाय. माज्या अ‍ॅम्पवरून काडलाय. मी स्वता बटनं लावून दिली, वर चा पाजला. वीस वरसं यांनी मना कोपऱ्यात बसवली, नि आवाज घेतल्यावर घरी बसवली. मना सांगितलंबी नाय. शेठ, यातलं काय खोटं आसल तर हितंच बोला."

शेठ एक पाऊल मागे सरले. प्रणय पुढे आला आणि गळ्यातली गिटार काढून त्याने काकींच्या हातात दिली. त्या दिवशी काकी एकच गाणं वाजवून खाली उतरल्या, पण त्या गाण्यात त्यांनी पायाने पाच वेळा आवाज बदलला आणि पाचही वेळा शेठकडे बघितलं.

त्या हंगामात कार्यक्रमाची सुपारी द्यायला येणारा प्रत्येक जण शेठना विचारायचा, "काकी असतील ना?" शेवटी शेठ स्वतः त्यांच्या गावी गेले. काकींनी त्यांना ओटीवरही बोलावलं नाही. अंगणात पाणी दिलं. शेठ म्हणाले, "मधोमध बसा, हवं तर." काकी म्हणाल्या, "पानी प्या नि जा." हे मला प्रणयने सांगितलं. तो मोटारसायकलवर बाहेर थांबला होता, आणि सांगताना हसत होता.

माझ्याशी त्या वर्षभर बोलल्या नाहीत. दुकानात यायच्या, तारा घ्यायच्या, मालकांशी बोलायच्या. मग एक दिवस काउंटरवर सुकटीची पिशवी ठेवून म्हणाल्या, "आता गिऱ्हाइकाला खरं सांगतोस का?" मी हो म्हणालो. "शेठलाबी?" मी जरा थांबून हो म्हणालो. "थांबलास," त्या म्हणाल्या, पण पिशवी परत नेली नाही.

गेल्या वर्षी काविळीचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत काकी गेल्या. दशक्रियेला शेठ आले होते, पांढऱ्या कपड्यांत. चार माणसांत बसून सांगत होते की काकींना त्यांनीच घडवलं. मी उठून काही बोललो नाही. काकींसारखी स्टेजवर चढायची माझी छाती नाही.

महिन्याभराने शेठचा डबा सॉफ्टवेअर बदलायला दुकानात आला. काकींच्या अ‍ॅम्पची नक्कल पहिल्याच जागेवर होती आणि तिला शेठच्या ऑर्केस्ट्राचं नाव दिलेलं होतं. मी ते पुसलं आणि तिथे काकींचं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट. डबा चालू केला की त्याच्या छोट्या पडद्यावर पहिलं तेच येतं, मोठ्या अक्षरांत, आणि शेठ नेमके समोर उभे असतात. नाव कसं बदलायचं ते त्यांना येत नाही. प्रणयला येतं, पण तो म्हणतो, हा डबा असाच आहे. मध्यंतरी शेठ माझ्याकडे आले, हे पुसता येईल का विचारत. मी काकींना शब्द दिला होता, तेव्हा खरं तेच सांगितलं.

"येईल की," मी म्हणालो. "पण मी पुसणार नाही."