मागचा डावा दरवाजा

गॅरेजात माझ्या लेकीला ‘भिंग’ म्हणतात. नाव तिथल्या वस्तादांनी ठेवलं. रंगवून झालेल्या गाडीवर इतरांना जे दिसत नाही ते तिला दिसतं, म्हणून. मला त्याचं नवल वाटलं नाही. दुसरीत असताना तिच्या शाळेच्या शर्टाचं बटण तुटलं, मी दुसरं लावून दिलं, तर ही दारातच अडून बसली. “हे पांढरं वेगळं आहे.” शेवटी मी चिडून सगळी बटणं बदलली, तेव्हा कुठे स्वारी शाळेत गेली.

पदवी घेतल्यावर ती एखाद्या ऑफिसात चिकटेल असं मी धरून चालले होते. तिने गॅरेज धरलं. पहिली दोन वर्षं नुसतं घासकाम. ठोकून सरळ केलेल्या पत्र्यावर पुट्टी भरायची आणि ती घासून गुळगुळीत करायची. घरी यायची ती भुवयांपर्यंत पांढरी होऊन. तोंडाला रुमाल बांधायची, तरी खोकला लागलाच. भिंतीपलीकडून तो ऐकत मी पडून राहायचे, आणि सकाळी विचारलं की उत्तर ठरलेलं, “कुठला खोकला?”

म्हणून मागच्या महिन्यात वस्तादांनी तिला रंग जुळवायच्या टेबलावर बसवलं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. पण त्यांनी अट घातली होती. “भिंग, एक गाडी तू एकटीने जुळवायची. जमली तर टेबल तुझं. नाही जमली तर आहेच पुट्टी.”

गाडी आली एका डॉक्टरीणबाईंची, चंदेरी, नऊ वर्षांची. मागचा डावा दरवाजा ठोकरला होता. चंदेरी सगळ्यात लबाड, असं लेक म्हणते. तिच्यात बारीक चमक असते, समोरून एक रंग दिसतो आणि तिरकं पाहिलं की दुसराच. गाडीवर रंगाचा नंबर लिहिलेला असतो, पण तो गाडी नवी असतानाचा. नऊ वर्षं उन्हात उभी राहिलेली गाडी त्या नंबराला ओळखही देत नाही. मग थेंबभर काळा, थेंबभर निळा, असं करत पत्र्याच्या पट्टीवर नमुना मारायचा, सुकवायचा, गाडीवरून काढून आणलेल्या पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाशेजारी धरायचा. असे तिने अकरा नमुने मारले. अकरावा तंतोतंत जुळला. तिने दरवाजा रंगवला.

परवा दुपारी वस्तादांनी गाडी उन्हात काढली आणि दहा पावलं मागे जाऊन म्हणाले, “दरवाजा निळा मारतोय.” लेकीनेही लांबून पाहिलं. खरंच निळा. पण आत टेबलाशी येऊन पट्टी झाकणाशेजारी धरली की फरक गायब! वस्ताद एवढंच म्हणाले, “उद्याचा दिवस आहे तुझ्याकडे.”

चारलाच ती घरी आली. पिशवीत तीच पट्टी आणि टाकीचं ते झाकण, फडक्यात गुंडाळलेलं. खिडकीशी उभी राहून दोन्ही एकमेकांना चिकटवून धरली.

“आई, इकडे ये. फरक आहे?”

मी माझ्या पांढऱ्या गाऊनला हात पुसत गेले, दोन्ही हातात घेतली. “आहे की. पट्टी निळसर आहे.”

“दे बघू.” तिने घेतली. “कुठे निळसर? सारखीच तर आहेत.”

“अगं, आंधळ्यालासुद्धा दिसेल!”

बोलून गेले आणि एकदम मनात आलं, हिचे डोळे! लगेच फोन शोधायला लागले.

“कुणाला फोन करतेयस?”

“डोळ्यांच्या डॉक्टरांना. सहापर्यंत असतात ते.”

“आई, फोन ठेव. आणि जरा गप्प उभी राहा.” तिने दोन्ही वस्तू पुन्हा माझ्या हातात दिल्या आणि माझ्या खांद्यामागून पाहू लागली. “आता निळसर दिसतेय.” मग स्वतःच्या हातात घेतल्या. “आता नाही.” पुन्हा माझ्याकडे. पुन्हा तिच्याकडे. मग तिने हळूच मान खाली घातली आणि स्वतःच्या छातीकडे बघत राहिली.

“आई. हा स्वेटर.”

तो स्वेटर मी विणला होता. गॅरेज तिन्ही बाजूंनी उघडं, वारा नुसता आत घुसतो. लोकर मुद्दाम पिवळीधमक घेतली होती, म्हणजे संध्याकाळी रस्ता ओलांडताना गाडीवाल्यांना ती लांबून दिसावी. ती टेबलाशी वाकली की त्याचा पिवळा उजेड पत्र्यावर पडायचा आणि जास्त झालेला निळा गिळून टाकायचा. अकराच्या अकरा नमुने तिने माझ्या स्वेटरच्या उजेडात पाहिले होते.

“वस्ताद कायम राखाडी शर्ट का घालतात ते आत्ता कळलं,” ती म्हणाली. हसत होती. मला हसू येईना. तिला धुळीतून बाहेर पडलेलं बघायला मी देव पाण्यात घालून बसले होते, आणि पुन्हा धुळीत ढकलायची तयारी मीच, दोन सुयांवर, महिनाभर बसून केली होती.

“रागावलीस?” मी विचारलं.

“वेडी आहेस का गं? एवढा ऊबदार आहे तो.”

काल सकाळी ती तिच्या बाबांचा जुना राखाडी शर्ट घालून निघाली. गारठा होता. “स्वेटर?” असं मी तोंडाने विचारलं नाही, नुसती दारात उभी राहिले. तिने शर्टाची कॉलर जराशी ओढून दाखवली. आत पिवळी कड होती. ती तिने बोटाने आत खोचली, वरचं बटण लावलं आणि गेली.

दिवसभर माझं कशात लक्ष लागेना. धुतलेली भांडी पुन्हा धुतली. कॉलर वर सरकली तर? बटण निसटलं तर? ती दुपारी उकडलं म्हणून शर्ट काढून बसली तर? दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला.

ती अंधार पडल्यावर आली. चपला काढेपर्यंत मी थांबले, तेही कसंबसं.

“काय म्हणाले?”

“दरवाजा पुन्हा रंगवला, मग त्यांनी गाडी उन्हात काढली. दोन चकरा मारल्या. मग तिरके वाकून बघितलं. मग मला विचारलं, कुठला गं दरवाजा होता?”

“मग?”

“मी म्हटलं, तुम्हीच सांगा.”

“असं बोललीस? वस्तादांना?”

“आई, ऐक तर. त्यांनी पुढचा दाखवला.” ती मोरीत जाऊन हात धुवायला लागली आणि तिथूनच म्हणाली, “म्हणाले, आता घासायला दुसरं कुणीतरी बघावं लागणार.”

मी टॉवेल दिला. एवढ्यावर थांबायचं होतं, पण राहवेना.

“आणि कॉलर?”

“नाही आली बाहेर.” तिने टॉवेलात तोंड पुसलं. “पण आतून जाम टोचते ती लोकर.”