गुलाबी छापलेलं आसेगाव

निळ्या टी-शर्टवर पांढरं ‘आसेगाव’ यायला हवं होतं. आलं ते गुलाबी. तेही अर्धवट. अक्षरांमधून निळ्या आडव्या रेघा गेल्या होत्या, आणि खालच्या मोबाईल नंबरात आठ आहे की सहा, हे छापणाऱ्या मलाच ओळखू येईना.

स्टुलावर बसलेल्या शीलाताईंनी मान पुढे काढून पाहिलं. “विजूभाऊ, मी तं पांढरं सांगतलं होतं.”

“वाळलं की पांढरं होते,” मी म्हणालो.

गिऱ्हाइकासमोर मी आजवर बऱ्याच थापा मारल्या आहेत, पण इतकी दुबळी थाप मारल्याचं आठवत नाही. शीलाताई अंगणवाडी सेविका आहेत. रंग ओळखायला त्या गावातल्या लेकरांना शिकवतात. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. त्यांची जीप संध्याकाळी नागपूरला निघणार होती.

आता जरा मागून सांगतो.

शेलूबाजारला हायवेला लागून माझं छपाईचं दुकान आहे. आधी लग्नपत्रिका, मग फ्लेक्स, आणि आता टी-शर्ट. त्यासाठी डीटीजी मशीन घेतलं. डायरेक्ट टू गारमेंट, म्हणजे थेट कपड्यावर छापणारं. कागद छापणारा इंकजेट प्रिंटर असतो ना, त्याचा हा थोरला भाऊ. कागदाच्या जागी एका पाटावर टी-शर्ट ताणून बसवायचा. पाट आत जातो आणि वर एक हेड इकडून तिकडे फिरत शाईचे थेंब सोडतं. हेडच्या खालच्या बाजूला केसापेक्षा बारीक छिद्रं असतात, त्यांना नोझल म्हणतात. नोझल चोंदलं की छपाईत रेघ येते. या धंद्यातली निम्मी विद्या नोझल उघडं ठेवण्याची आहे. उरलेली निम्मी ते का उघडं राहिलं नाही हे गिऱ्हाइकाला समजावण्याची.

बाकीचे रंग गुणी असतात. पांढरी शाई म्हणजे घरी आलेला जावई. सारखी विचारपूस करावी लागते, नाही केली तर तोंड फुगवून बसतो. पांढऱ्या रंगाची पूड जड असते. शाई स्थिर राहिली की ती तळाशी बसते, ठेवलेल्या ताकात घट्ट भाग खाली जातो तशी. म्हणून मशीन मधूनमधून स्वतःच शाई फिरवत राहतं. आमचं काम एवढंच, की प्लग कधी बंद करायचा नाही.

हे मला माहीत होतं. मंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, माहीत होतं. बाबांना सांगायचं राहून गेलं होतं.

शीलाताईंची ऑर्डर साधी होती. आसेगावच्या बाया दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला जातात आणि दीक्षाभूमीच्या रस्त्यावर लोकांना पाणी वाटतात. मागल्या वर्षी त्या गर्दीत शीलाताईंच्या सासूबाई हरवल्या. रात्रभर कुणा परक्यांच्या कापडी पालात बसून होत्या. लोकांनी जेवू घातलं, पांघरूण दिलं, पण बाईला गावाचं नाव तेवढं सांगता येत होतं, नंबर नाही. सापडल्या सकाळी. यंदा सासूबाईंच्या मुलाने साफ सांगितलं, आई जाणार नाही. म्हातारी दोन दिवस जेवली नाही. मग शीलाताईंनी तोड काढली. सगळ्या बायांनी साडीवर एकसारखा निळा टी-शर्ट घालायचा. पाठीवर गावाचं नाव आणि खाली शीलाताईंचा मोबाईल नंबर, लांबून वाचता येईल असा ठळक. मुलगा म्हणाला, टी-शर्ट असला तर घेऊन जा, नसला तर आई घरी.

म्हणजे आजी नागपूरला जाणार की ओसरीवर बसणार, हे आमच्या मशीनवर आलं होतं.

कोरे टी-शर्ट अकोल्याच्या ट्रान्सपोर्ट गोदामात अडकले. अष्टमीला मी आणायला गेलो, तर गोदामाला कुलूप. बहिणीकडे मुक्काम केला. काळजी एवढी होती, की जेवणात पुरणाच्या पोळ्या किती झाल्या ते मोजायचं भान राहिलं नाही. नवमीला दुपारी गठ्ठा घेऊन दुकानात आलो, तर शीलाताई येऊन बसलेल्या आणि मशीनला झेंडूचा हार घातलेला. पाटावर नारळ. समोर उदबत्ती. बाजूला बाबा, तृप्त चेहऱ्याने.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा होते, हे सांगायला नको. आमच्या घरी विळा, कुऱ्हाड, वखराची फास, म्हणजे पातं, यांची व्हायची. शेती भावाकडे गेल्यावर बाबांचं लक्ष माझ्या मशीनकडे वळलं. पूजा झालेलं हत्यार त्या दिवशी कामाला लावत नाहीत, हा आमच्या घरचा नियम.

मी नारळाला हात लावला तसे बाबा म्हणाले, “आज आराम हाय त्याचा. पोळ्याले बैल जुपतो का आपण?”

मी काही बोलायच्या आत शीलाताईंनी त्यांना सासूबाईंचं सगळं सांगितलं. पालातली रात्र, दोन दिवसांचा उपास, मुलाची अट. बाबांनी ऐकून घेतलं. 

“माणूस आजारी असला तं पोळ्याच्या दिशीही गाडी जुपत होतो आमी,” ते म्हणाले, आणि स्वतःच नारळ उचलला. मशीनला हात लावून नमस्कार केला. माफी मागितली असावी.

प्लग बाबांनी काढलेला होता, मशीन पूजेसाठी पुसून घ्यायला. काल सकाळी मी गेलो तेव्हापासूनचा. मी लावला. आणि मग ते गुलाबी आसेगाव छापून आलं.

रेघांचं कारण समजत होतं. शाई तळाशी बसली, नोझलं चोंदली. पण गुलाबी कुठून? निळ्या कापडाचा रंग सुटला असता तर निळसर आलं असतं. मला वाटलं, शेजारच्या नळीतला मॅजेंटा, म्हणजे गडद गुलाबी रंग, पांढऱ्यात मिसळत असेल. मी हेड क्लीनिंग लावलं. त्यात मशीन नोझलमधून शाई ओढून काढतं आणि खालची बाजू रबराच्या पट्टीने पुसून घेतं. त्या पट्टीला वायपर म्हणतात, गाडीच्या काचेला असतो तसाच. मग कागदावर टेस्ट काढली. गुलाबी वाढलं होतं. पुन्हा क्लीनिंग लावलं. आता गुलाबीत पिवळसर झाक आली.

“हे आता माह्या लग्नातल्या शालूसारखं दिसून राह्यलं,” मंदा म्हणाली. ती दाराशी हीट प्रेस तापवत बसली होती. छापल्यावर शाई पक्की करायला कपडा त्यात दाबावा लागतो. “पुन्हा क्लीनिंग लावू नका. आधी पुण्याले फोन करा.”

मी आणखी एकदा लावलं. मग पुण्याला, मशीनच्या कंपनीत, फोन केला.

सर्व्हिस इंजिनिअर तरुण आहे, फार अदबीचा. त्याने विचारलं, “सर, कॅपिंग स्टेशन बघितलं का?”

हेड जेव्हा काम करत नसतं, तेव्हा ते एका रबरी डबीवर टेकून बसतं. नोझल वाळू नयेत म्हणून डबीची कड घट्ट बसावी लागते. तिलाच कॅपिंग स्टेशन म्हणतात. कडेवर कण जरी अडकला तरी हवा शिरते, आणि मग क्लीनिंगच्या वेळी शाई ओढली जात नाही. मी बॅटरी धरून आत पाहिलं. व्हिडिओ कॉल सुरू होता.

“सर, ते लाल काय आहे?”

“कुंकू,” मी म्हणालो.

“आणि पिवळं?”

“हळद.”

पुण्यात पानं उलटल्याचा आवाज आला.

“सर, हे मॅन्युअलमध्ये नाहीये,” तो म्हणाला. “पण आता वायपर प्रत्येक क्लीनिंगला ते सगळं हेडला फासतोय. क्लीनिंग थांबवा.”

मंदाने माझ्याकडे पाहिलं. तिचं मघाचं ‘पुन्हा क्लीनिंग लावू नका’ मला परत ऐकू आलं.

मी बाबांना विचारलं, की झाकण उघडून आत कुंकू लावायची काय गरज होती. सगळं जग मशीनला बाहेरून कुंकू लावतं.

“बाहीरचा डबा म्हंजे गाडी,” बाबा म्हणाले. “आतमंदी जे इकून तिकून फिरते, तो बैल. पयले बैलाले लावतेत.”

फोन स्पीकरवर होता. इंजिनिअर म्हणाला, “सर, आजोबांचं बरोबर आहे. किंमत बघितली तर मशीन म्हणजे ते हेडच.”

त्याला आमच्या घरच्या भांडणात मत द्यायचं काही कारण नव्हतं.

पुढचं काम कंटाळवाणं होतं, म्हणून थोडक्यात सांगतो. वायपर काढून क्लीनिंगच्या द्रवात धुतला. डबीची कड मऊ बोळ्याने पुसली, बोळ्यावर लाल दिसेनासं होईपर्यंत. पांढऱ्या शाईची बाटली हलक्या हाताने हलवली. जोरात हलवली तर फेस होतो आणि नवाच ताप. हेडखाली द्रवात भिजवलेला पॅड ठेवला आणि मुकाट बसलो. सुकलेली शाई सैल व्हायला वेळ लागतो आणि त्या वेळात काहीही करायचं नसतं. या धंद्यात मला तेवढीच गोष्ट जमत नाही. मी दोनदा उठलो. दोन्हीदा मंदाने हाताला धरून खाली बसवलं. बाबांनी शीलाताईंना फोडलेल्या नारळाचा तुकडा दिला. त्या खात होत्या आणि रस्त्यावरची प्रत्येक जीप पाहत होत्या.

मग नोझल चेक काढला. हा एक छोटा नमुना असतो, प्रत्येक नोझल आपापली बारीक रेघ काढून हजेरी देतं. एका कोपऱ्यात दोन रेघा कमी होत्या. बाकी सगळी हजर. मी टी-शर्ट पाटावर चढवला. पांढरं आसेगाव आलं. नंबर स्वच्छ. शीलाताईंनी तो टी-शर्ट रस्त्यापलीकडे पानठेल्यावर नेला, ठेलेवाल्याला उंच धरायला लावला आणि दुकानातून स्वतः नंबर मोठ्याने वाचला. मग म्हणाल्या, “छापा.”

जीप आली तेव्हा शेवटचे टी-शर्ट प्रेसमधून गरमच निघत होते. सासूबाई पुढच्या सीटवर बसल्या होत्या. बाबांनी पहिला टी-शर्ट त्यांच्या हाती दिला. त्यांनी तो नऊवारीवर तिथेच चढवला आणि पाठ वळवून विचारलं, “दिसते का बरोबर?”

“हायवेवरून दिसते,” बाबा म्हणाले.

दोन दिवसांनी शीलाताई दुकानात पेढे घेऊन आल्या. मी विचारलं, आजी सुखरूप ना?

आजी पाण्याच्या टाकीजवळून हलल्याच नव्हत्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला पाठ दाखवत दिवसभर पाणी वाटत होत्या. हरवल्या त्या शीलाताई. ग्लास आणायला गेल्या आणि गर्दीने कुठच्या कुठे नेल्या. एका भल्या माणसाने त्यांच्या पाठीवरचा नंबर वाचला आणि म्हणाला, थांबा ताई, तुमच्या माणसांना लावतो. त्याने लावला. फोन शीलाताईंच्या पिशवीत वाजला.

“वाचता तं आला ना एकदम साफ,” त्या म्हणाल्या. “मंग मीच उचलला. म्हतलं, मीच बोलून राह्यली.”

शेवटी त्या माणसाने पाठीवरचं गावाचं नाव ओरडून विचारत त्यांना पाण्याच्या टाकीपाशी पोचवलं. तिथं सासूबाईंनी त्यांना सगळ्यांदेखत रागावून घेतलं.

आता अष्टमीलाच मी मशीनच्या झाकणाला चिकटपट्टी लावतो आणि प्लगवर ‘चालू राहू द्या’ असं लिहितो. बाबा कुंकू बाहेरून लावतात, नाराजीनेच. आणि पाठीवर नंबर छापायची ऑर्डर आली, की नोझल चेकच्याही आधी मी विचारतो, हा नंबर ज्याचा आहे, त्याच्या पाठीवर कोणाचा छापायचा?